काळी-पिवळीचा छोटा देखावा : पार्श्वभूमी

मुंबईच्या जुन्या टॅक्सीचं छोटं मॉडेल करायला घेतलं की बहुतेकजण आधी रंगाच्या बाटल्या काढतात. काळा कोणता, पिवळा कोणता, चकाकी किती ठेवायची, यावर आठवडे जातात. माझ्या मते रंग नंतर बघावा. आधी साल ठरवावं. गाडीचे दरवाजे कुठल्या बाजूला उघडतात, मीटर कसा आहे, पाटीवर काय लिहिलंय, फुटपाथवरच्या माणसाच्या पँटचा घेर केवढा, हे सगळं त्या एका सालावरून ठरतं. साल चुकलं तर कितीही सफाईने रंगवलेला देखावा जाणत्या माणसाला लगेच खटकतो. म्हणून हे टिपण आहे. टॅक्सीचा, मापाचा आणि रंगवलेल्या माणसांचा, तिन्हींचा इतिहास एका जागी असावा एवढाच हेतू.

‘देखावा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. या छंदातली मंडळी ‘डायोरामा’ म्हणतात. तो शब्द पॅरिसचा. १८२२ साली लुई दागेर आणि शार्ल बुतों या दोघांनी तिथे एक प्रेक्षागृह उघडलं. प्रचंड मोठ्या, अर्धपारदर्शक कापडावर दोन्ही बाजूंनी चित्र रंगवलेलं असे, पुढून-मागून येणारा उजेड बदलला की दिवसाची रात्र होई. त्याचं नाव डायोरामा. १८३९च्या मार्चमध्ये ती इमारत जळाली, आणि त्याच वर्षी दागेरचं छायाचित्रणाचं तंत्र जगापुढे आलं. पुढे हा शब्द संग्रहालयातल्या काचेआडच्या दृश्यांना चिकटला आणि तिथून मॉडेल करणाऱ्यांच्या टेबलावर आला.

आपल्याकडे मात्र गणपतीपुढचा देखावा आहे, पुण्या-मुंबईच्या मंडळांचे हलते देखावे आहेत आणि दिवाळीतला किल्ला आहे. माती, दगड, पोतं, वर पेरलेले अळीव आणि कुंभाराकडून आणलेले मावळे. मी पहिला कुंचला हातात धरला तो रंग उडालेल्या मावळ्याची पगडी पुन्हा लाल करायला. फरक आहे तो मापाचा. किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, मावळे बुरुजाएवढे आणि पायथ्याची गाय मावळ्याच्या गुडघ्याला लागते. तिथे मान ज्याचा मोठा, त्याचा आकार मोठा. स्केल मॉडेलमध्ये हे चालत नाही. इथे गाडी, माणूस, चहाचा ग्लास आणि विजेचा खांब सगळे एकाच प्रमाणात लहान व्हावे लागतात.

मुंबईत या दोन्हींच्या मधली एक जागा आहे. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून लोकांसाठी खुलं झालं, १९७५ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. तिथे वरच्या मजल्यावर शहरातल्या निरनिराळ्या जाती-जमातींच्या, व्यवसायांच्या लोकांची मातीची रंगीत चित्रं आहेत आणि लोकजीवनाचे छोटे देखावेही. पगडीची घडी, अंगरख्याचा बंद, लुगड्याचा काठ, सगळं बोटभर उंचीत. माणसं रंगवू पाहणाऱ्याने एक सकाळ तिथे घालवावी. पुस्तकातून कळत नाही ते तिथे कळतं : कापडाची सुरकुती रंगाने काढण्यापेक्षा आधी मातीतच पाडलेली बरी. एकोणिसाव्या शतकात पुणे, लखनौ आणि कृष्णनगर ही अशा रंगीत मातीच्या बाहुल्यांसाठी नावाजलेली ठिकाणं होती, हेही लक्षात असू द्यावं. हा छंद आपल्याकडे परदेशी खोक्यातून आला, पण हात आधीपासून तयार होता.

आता माप. छोट्या गाड्यांचं सगळ्यात रुळलेलं माप १:४३, म्हणजे खऱ्या गाडीचा त्रेचाळीसावा भाग. हा आकडा विचित्र वाटतो, कारण तो मोटारींसाठी ठरलेलाच नव्हता. इंग्लंडमध्ये ‘ओ’ गेजच्या खेळण्यातल्या आगगाड्या एका फुटाला ७ मिलिमीटर या हिशोबाने बनत. एका फुटात ३०४.८ मिलिमीटर, त्याला ७ने भागलं की साडेत्रेचाळीस. फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९३०च्या दशकात रेल्वेच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला छोट्या मोटारी काढल्या, त्याच पुढे डिंकी टॉइज म्हणून जगभर गेल्या. म्हणजे स्टेशनाबाहेर उभी असलेली मोटार हीच या मापाची जन्मकथा आहे, आणि व्हीटीबाहेर टॅक्सी मांडणाऱ्याला ही गोष्ट सुखावणारी वाटावी. डिंकीचे जुने साचे १९६०च्या दशकात कलकत्त्यालाही आले आणि तिथे ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघाल्या. त्या काळातला खेळ आज कुणाच्या माळ्यावर सापडला तर जपून ठेवावा, त्याला नवा रंग देऊ नये.

मुंबईची टॅक्सी म्हणून ओळखीची झालेली फियाट ११००, किंवा तिचंच पुढचं रूप पद्मिनी, हिची लांबी जवळपास ३.९ मीटर. १:४३ मध्ये ती साधारण ९ सेंटीमीटर होते, १:२४ मध्ये सव्वासोळा, १:१८ मध्ये जवळजवळ २२. साडेपाच फुटी माणूस याच क्रमाने ३९, ७० आणि ९३ मिलिमीटर. इथेच नवशिक्यांची गफलत होते. ब्रिटनमधल्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये पोकळ शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली, त्यांची उंची ५४ मिलिमीटर, आणि पुढे हेच माप सैनिकांच्या पुतळ्यांसाठी रूढ झालं. असा पुतळा १:४३च्या टॅक्सीजवळ राक्षस दिसतो आणि १:२४च्या टॅक्सीजवळ शाळकरी मुलगा. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत प्रायझर कंपनीने रेल्वेच्या मॉडेलसाठी प्रवासी, हमाल, फेरीवाले अशी साधी माणसं रंगवून विकायला काढली, तेव्हा कुठे युद्धाबाहेरचं जग या छंदात नीट आलं. पण ती माणसं युरोपातली. ओव्हरकोट, हॅट, हातात ब्रीफकेस. आपल्या देखाव्यात घ्यायची तर हॅट कापावी लागते, कोट घासून सदरा करावा लागतो, धोतर किंवा साडीसाठी टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून अंगावर नेसवावा लागतो. पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या कागदाला निऱ्या पाडणं हे या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आनंदाचं काम आहे.

वर्तुळ पूर्ण व्हायला आता गाडी हवी. मुंबईत मोटार टॅक्सी १९११च्या सुमारास आली. रस्ता तेव्हा व्हिक्टोरिया घोडागाड्यांचा आणि ट्रामचा होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे टॅक्सी म्हणजे डॉज, प्लिमथ अशा लांबरुंद अमेरिकन गाड्या. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, आणि सुरुवातीला तिथे क्रायस्लरच्या याच जातीच्या गाड्या जोडल्या जात. इटलीच्या फियाटशी करार झाल्यावर छोट्या गाड्यांचं युग आलं. १९५४ पासून फियाट ११०० इथे बनू लागली. गोल पाठीची, फुगीर नाकाची ती गाडी. मुंबईने तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, आणि जुने मेकॅनिक आजही तेच म्हणतात. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. देखाव्यात दार उघडं दाखवायचं असेल तर ही गोष्ट आधी तपासावी.

१९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. सरळ रेषांची, मागे छोटे पंख काढलेली, पुढचे दरवाजे सुलट. आज आपण जिला ‘पद्मिनी’ म्हणून ओळखतो तो चेहरामोहरा हाच. १९७२ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर आणि पुढे सलग बाकासारखी सीट. कलकत्त्याने अँबेसेडर घेतली, मुंबईने फियाट. कारखाना शहरातच, सुटे भाग हाताशी, गाडी आटोपशीर आणि गल्लीबोळांत वळणारी. कुर्ल्यापासून काळबादेवीपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये तिचं इंजिन डोळे मिटून उघडणारी माणसं तयार झाली.

रंगाबद्दल टॅक्सीवाल्यांच्या संघटनेतली जुनी मंडळी एक हकिगत सांगत आली आहेत : स्वातंत्र्यसैनिक आणि खासदार व्ही. बी. गांधी यांनी पंडित नेहरूंना सुचवलं की टॅक्सीचं टप पिवळं ठेवा म्हणजे ती दुरून दिसेल, आणि खालचा भाग काळा ठेवा म्हणजे डाग झाकले जातील. मॉडेल करणाऱ्याला या हकिगतीचा सरळ उपयोग आहे. काळ्यावर डाग दिसत नसले तरी धूळ दिसते. म्हणून खालच्या पट्ट्यावर, चाकांच्या कमानीत आणि दाराच्या खालच्या कडेला मातकट करडा रंग अगदी कोरड्या कुंचल्याने फिरवावा. पिवळ्यावर उलट. तिथे पावसाच्या पाण्याचे ओघळ आणि कॅरिअरच्या पायांशी तांबूस गंज. पिवळा रंग लिंबासारखा नको. मुंबईचं ऊन खाल्लेला, किंचित हळदीकडे झुकणारा हवा.

आता साल ठरवू या. ट्रामचे रूळ दाखवायचे असतील तर मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, हे ध्यानात ठेवा. ट्रामशेजारी डुक्कर फियाट हवी किंवा एखादी थकलेली प्लिमथ. पद्मिनी तिथे उभी केली तर दहा वर्षांची चूक. नंबरप्लेटवर ‘एमएच’ लिहायचं तर साल १९८९च्या पुढचं. दुकानाच्या पाटीवर ‘बॉम्बे’ की ‘मुंबई’, हे १९९५ वर ठरतं; स्टेशन ‘व्हीटी’ की ‘सीएसटी’, हे १९९६ वर. २०००नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, डिकीत सिलिंडर बसला आणि सामान आणखीच टपावरच्या कॅरिअरवर चढलं. त्या काळातल्या देखाव्यात डिकी उघडी ठेवून आत बॅगा रचू नयेत. मला स्वतःला १९७८ आवडतं. बेलबॉटम, मोठी कॉलर, पोलक्याच्या कोपरापर्यंत बाह्या, आणि रस्त्यावर पद्मिनी नवीकोरी ते पार मोडकी अशा सगळ्या वयांच्या फियाटबरोबर उभी.

पद्मिनी टॅक्सीच्या शेवटाचं साल नोंदवलेलं आहे. १९९०च्या दशकात मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी साठ हजारांच्या वर होत्या. पद्मिनीचं उत्पादन नवं शतक सुरू होता-होता थांबलं. २००८ मध्ये सरकारने टॅक्सीचं वय २५ वर्षांवर बांधलं, २०१३ मध्ये २० वर आणलं. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली पद्मिनी ही टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली शेवटची. तिची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी कायद्याने उरली नाही. त्या आठवड्यात मी मोजपट्टी घेऊन फिरलो. एका सोसायटीच्या मागच्या अंगणात उभ्या असलेल्या बंद गाडीचं कॅरिअर मालकाच्या परवानगीने मोजलं, तिच्या त्रिकोणी काचेचा कोन कागदावर उतरवून घेतला. फोटोवरून ही मापं मिळत नाहीत.

परदेशातून आलेलं १:४३ चं फियाट ११०० मॉडेल हाताशी असेल तर आणखी एक काम पडतं. इटलीत स्टिअरिंग डावीकडे. ते कापून उजवीकडे आणायचं, गिअरचा दांडा नव्या खांबावर बसवायचा आणि डाव्या बाजूला, बाहेर, मीटर लावायचा. मुंबईच्या टॅक्सीचा जुना यांत्रिक मीटर फुटपाथच्या अंगाला बाहेर बसवलेला असे. गिऱ्हाईक बसलं की ड्रायव्हर उजवीकडच्या जागेवरून सगळा डावीकडे झुके, खिडकीतून हात बाहेर काढी आणि मीटर खाली टाकी. मध्ये गिअर नाही, सीट सलग, म्हणून हे जमे. २०१२च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि हा झुकलेला माणूस रस्त्यावरून गेला.

माझ्या देखाव्यात तोच आहे. बसलेल्या जर्मन प्रवाशाचा पुतळा कंबरेत कापून वळवला, उजव्या मांडीखाली कागदाची चकती दिली म्हणजे तो तिरका बसतो. अंगात खाकी सदरा, खिशावर बिल्ल्याचा पितळी ठिपका. डावा हात तांब्याच्या बारीक तारेचा, वर एम-सीलचा पातळ थर, ओला असतानाच सुईने पाडलेली बाहीची घडी. या मापात पंजा जेमतेम ४ मिलिमीटरचा होतो, त्यात चार बोटं मीटरच्या दांड्याभोवती वळायला हवीत. तीन पंजे बिघडले. चौथा सुकतोय.