पाय-पुनर्वसन यंत्रणांची इष्टतम रचना

लकवा, मणक्याची इजा किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया यांनंतर रुग्णाचा पाय ठरावीक मार्गाने पुन्हा पुन्हा हलवणाऱ्या यांत्रिक जोडणीची मापे संगणकीय शोधपद्धतींनी ठरवणे, असा या विषयाचा आवाका आहे. जनुकीय अल्गोरिदम, डिफरन्शियल इव्होल्यूशन, पार्टिकल स्वार्म (पक्ष्यांच्या थव्यासारखा मिळून शोध घेणारी पद्धत) आणि अध्यापन-अध्ययन पद्धत ही त्यातली नेहमीची साधने. मेकॅनिकल शाखेच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला हा विषय सोयीचा पडतो. दांडे, बुश, बेअरिंग आणि एक मोटर एवढ्यावर नमुना उभा राहतो, आणि धुळे किंवा जळगावच्या एमआयडीसीतल्या कोणत्याही लेथवाल्याकडे तो बनू शकतो.

पाय चालवून देणारी यंत्रे दोन वाटांनी गेली. स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेल्या लोकोमॅटमध्ये ट्रेडमिलवर रुग्णाला टांगून धरतात आणि दोन्ही खुबे व दोन्ही गुडघे वेगवेगळ्या मोटरी हलवतात. कोणता सांधा कोणत्या क्षणी किती वाकवायचा हे तिथे सॉफ्टवेअर सांगते. दुसरी वाट बर्लिनमध्ये हेसे आणि सहकाऱ्यांनी २०००च्या सुमारास विकसित केलेल्या चाल-प्रशिक्षकाची. त्यात पावलाखालच्या पट्ट्या क्रँक (मोटरीने गोल फिरणारा दांडा) आणि दातेरी चाकांच्या जोडणीने फिरतात. चालीचा आकार धातूतच कोरलेला असतो. या दुसऱ्या वाटेवर अवघडपणा कंट्रोलरमधून निघून दांड्यांच्या लांबीत जातो. यंत्र स्वस्त होते, दुरुस्तीला गावातला फिटर पुरतो, पण मापे ठरवण्याचे काम फार किचकट होते. अल्गोरिदमची गरज पडते ती इथे. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीच्या रुग्णाला रोज फिजिओथेरपीसाठी नंदुरबारला येणे जमत नाही आणि रोबोटचा सर्व्हिस इंजिनिअर पुण्या-मुंबईहून येतो, अशा मुलखात या वाटेला अधिक अर्थ आहे.

सपाटीवर चालताना टाच टेकल्यापासून त्याच पायाची टाच पुन्हा टेकेपर्यंत एक आवर्तन धरतात. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ पाऊल जमिनीवर असते, उरलेला ४० टक्के हवेत. हवेतल्या टप्प्यात गुडघा सुमारे ६० अंश वाकतो. खुबा पुढे ३० आणि मागे १० अंशांच्या आसपास जातो. कंबर स्थिर मानून घोट्याचा मार्ग काढला तर आडव्या पडलेल्या थेंबासारखा बंद वक्र मिळतो. यंत्रणेने हाच वक्र गिरवायचा असतो.

चार दांड्यांच्या साध्या जोडणीत ठरवण्याजोगी मापे नऊच असतात: चार लांब्या, मधल्या दांड्यावरच्या आरेखक बिंदूची (वक्र गिरवणाऱ्या बिंदूची) दोन मापे, आणि सगळी जोडणी कुठे व किती तिरकी बसवायची याची तीन. त्यामुळे दिलेल्या नऊ बिंदूंपर्यंतच ती अचूक जाऊ शकते. तेवढ्या प्रश्नाचीही पूर्ण उकल वॅम्प्लर, मॉर्गन आणि सॉमेस यांनी १९९२ मध्ये दिली, तेव्हा काल्पनिक संख्यांतली उत्तरे धरून ती ४,३२६ भरली. चालीच्या वक्रावर वीस-तीस बिंदू घेतले की अचूक उत्तराची आशा सोडावी लागते आणि प्रश्न ‘कमीत कमी चूक’ असा होतो. सहा किंवा आठ दांडे घेतले तर मापे वाढतात आणि वक्रही अधिक जवळ येतो. हॉलंडचे कलावंत थिओ यान्सन यांनी १९९०च्या सुमारास वाऱ्यावर चालणाऱ्या आपल्या सांगाड्यांसाठी पायाची अकरा मापे संगणकावर उत्क्रांतीच्या पद्धतीनेच शोधली होती. त्या जोडणीवर बेतलेले चाल-प्रशिक्षकही पुढे सुचवले गेले.

चूक मोजायची रीत सहसा अशी: हवा असलेला प्रत्येक बिंदू आणि यंत्रणेने गाठलेला बिंदू यांतल्या अंतराचा वर्ग घ्यायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. त्या बेरजेवर दंड चढतात. फ्रान्झ ग्रासहोफ यांच्या नियमानुसार सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दांड्यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेहून जास्त असेल तर एकही दांडा पूर्ण फेरा घेत नाही, म्हणजे मोटर लावून उपयोग नाही. अशा उमेदवाराच्या, म्हणजे मापांच्या अशा संचाच्या, चुकीत मोठा आकडा मिळवून त्याला स्पर्धेबाहेर काढतात. बळ नीट पोचावे म्हणून मधला दांडा आणि डुलणारा दांडा यांतला कोन साधारण ४० अंशांखाली जाऊ देत नाहीत. दांडा रुग्णाच्या नडगीवर आपटू नये आणि सगळी जोडणी रुग्णाच्या खुर्चीच्या चौकटीत मावावी, हेही दंडातच लिहावे लागते. जे लिहिले नाही ते अल्गोरिदम पाळत नाही. तो निर्विकारपणे खुर्चीच्या आरपार जाणारा दांडा सुचवतो.

जॉन हॉलंड यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या जनुकीय अल्गोरिदममध्ये मापांचे अनेक संच एकदम चालतात. सरस संचांची अदलाबदल होते, मधूनच एखादे माप मुद्दाम बदलले जाते. स्टॉर्न आणि प्राइस यांच्या डिफरन्शियल इव्होल्यूशनमध्ये दोन संचांतला फरक काढून त्याचा काही भाग तिसऱ्यात मिळवतात. वक्र गिरवण्याच्या प्रश्नात ही साधी युक्ती बरेचदा चांगले काम देते.

खान्देशाला जवळची पद्धत तापीच्या मुखाशी जन्मली. सुरतच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. व्ही. राव आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अध्यापन-अध्ययन पद्धत मांडली, तीही यांत्रिक रचनेच्या प्रश्नांसाठीच. सर्वांत सरस संचाला शिक्षक मानून वर्गाची सरासरी त्याच्याकडे ओढायची, मग विद्यार्थ्यांनी जोडीजोडीने एकमेकांकडून शिकायचे. वर्गाचा आकार आणि फेऱ्यांची संख्या सोडली तर जुळवायला आकडे नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांत ती आवडती आहे. मात्र तिच्या एका फेरीत प्रत्येक उमेदवाराची चूक दोनदा मोजली जाते. फेऱ्यांची संख्या सारखी ठेवून तिची इतर पद्धतींशी तुलना केली तर तिला दुप्पट संधी मिळते. अनेक प्रकल्प-अहवालांतली ‘आमची पद्धत सरस’ ही तक्ते-आलेखांची लढाई इथेच लटकी पडते. वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले की सर्व प्रश्नांची सरासरी घेतली तर कोणतीही शोधपद्धत दुसरीहून सरस ठरत नाही. अल्गोरिदम कोणता, यापेक्षा चूक कशाला म्हटले याने यंत्र चांगले किंवा वाईट ठरते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष वेळेकडे होते. क्रँक एकसारख्या वेगाने फिरत असेल तर पाऊल जमिनीवर असतानाचा भाग फेऱ्याच्या २१६ अंशांत आणि हवेतला १४४ अंशांत बसायला हवा. फक्त आकार जुळवला तर वक्र हुबेहूब दिसतो, पण पाय जमिनीवर घाई करतो आणि हवेत रेंगाळतो. चालीची लय शिकवण्याऐवजी ती बिघडवणारे असे यंत्र संगणकाच्या पडद्यावर मात्र पूर्ण गुण मिळवते.

दुसरी अडचण कारखान्यात कळते. संगणक १८७.४३ मिलिमीटर सांगतो. भोक अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे पडते आणि बुश झिजला की सांधा हलू लागतो. प्रत्येक लांबी थोडी कमी-जास्त करून सर्वांत वाईट चूक किती होते हे पाहून उमेदवार निवडला, तर किंचित कमी अचूक पण सोशिक मापे मिळतात. अचूकता, बळ आणि आकार यांची ओढाताण एका आकड्यात कोंबायची नसेल तर तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये असलेल्या कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांची २००२ मधली एनएसजीए-टू पद्धत तडजोडींची अख्खी रांग समोर ठेवते. निवड मग रचनाकाराने आणि फिजिओथेरपिस्टने बसून करायची.

घोट्याच्या मार्गाची आकडेवारी बहुधा पाश्चात्त्य प्रयोगशाळांतली असते. सगळे दांडे एकाच प्रमाणात लहान केले तर वक्राचा आकार तोच राहून तो लहान होतो, पण रुग्ण बदलला की सगळे दांडे बदलणे शक्य नसते. म्हणून एक-दोन दांड्यांनाच ओळीने भोके पाडून त्यांच्या प्रत्येक जागेसाठी चूक कमी राहील अशी मापे शोधतात. शिवाय चालणे ही सगळी गरज नव्हे. निंदणीला उकिडवे बसणाऱ्या बाईचा गुडघा चालीतल्या ६० अंशांच्या दुपटीहून अधिक वाकावा लागतो. तिच्यासाठी चालीचा वक्र अपुरा आहे; खुर्चीवर बसवून गुडघा अधिकाधिक वाकवणारी वेगळी जोडणी आणि वेगळी चूक-मोजणी लागते.

मोटर म्हणून विद्यार्थी हटकून गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर आणतात. भंगार बाजारात ती सहज मिळते. पण तिचे फेरे निरोगी माणसाच्या चालीइतके, मिनिटाला पन्नासाच्या आसपास असतात. लकव्याच्या रुग्णासाठी तो वेग बराच खाली आणावा लागतो. तिच्यातला वर्म गिअर उलटा फिरत नाही, त्यामुळे लाईट गेली की पाय वर उचललेल्या स्थितीतच अडकतो. सुटणारा क्लच आणि हाताने फिरवायचे हँडल यांशिवाय अशा यंत्रात रुग्ण बसवू नये. अचानक ताठरणाऱ्या स्नायूविरुद्ध मोटर जोर लावत राहू नये म्हणूनही तोच क्लच कामी येतो.

लकव्यानंतर पहिल्या काही महिन्यांत, विशेषतः ज्यांना अजिबात चालता येत नाही अशांना, नेहमीच्या फिजिओथेरपीच्या जोडीने यांत्रिक चाल-प्रशिक्षण दिल्यास स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता वाढते, असे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र पाहिल्यावर दिसले आहे. गुडघेबदलानंतर वापरल्या जाणाऱ्या सतत हालचाल देणाऱ्या यंत्रांचा फायदा मात्र फारच थोडा आढळला. भारतात अशी यंत्रे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७च्या कक्षेत येतात. धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णावर चाचणी घ्यायची तर आधी नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि परवान्याशिवाय यंत्र विकता येत नाही.