छपाईतल्या रंगांची जुनी खोड

गावाकडच्या केशकर्तनालयात वर्षानुवर्षं लटकलेलं एखादं पोस्टर आठवा. नटाचे गाल निळसर, ओठ निळसर, मागचा बगीचाही निळाच. उन्हानं रंग उडाला, असं आपण म्हणतो. पण सगळे रंग सारखे उडत नाहीत. पिवळी आणि मजेंटा, म्हणजे गडद गुलाबी, शाई आधी मान टाकते. काळी आणि सायन, म्हणजे ती आकाशी निळी, मागे उरतात. काळी शाई काजळीची, तिला ऊन काय करणार? निळीची गोष्ट मात्र अलीकडची. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यात एका भांड्याचं एनॅमल तडकलं, आतल्या पांढऱ्या रसायनाचा लोखंडाशी संबंध आला आणि निळा कण तयार झाला. त्याच कुळातलं तांब्याचं थॅलोसायनिन हे निळं रंगद्रव्य १९३५ साली बाजारात आलं. आजची सायन शाई त्याच्यावरच उभी आहे, म्हणून पोस्टर निळं पडतं.

छापलेला रंग बिघडण्याची सगळी कारणं एका दिवशी जन्माला आलेली नाहीत. प्रत्येक नव्या तंत्रानं आधीची एखादी खोड मोडली आणि स्वतःची एक लावून दिली.

मोजक्या रंगांतून सगळे रंग काढायची कल्पना अठराव्या शतकातली. याकोब क्रिस्टोफ ल ब्लॉननं लाल, पिवळा आणि निळा अशा तीन पत्र्यांवरून चित्रं छापली, १७१९ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं आणि काळोख नीट येईना म्हणून काळा पत्राही जोडला. कुठे किती लाल हवा, हे मात्र तो नजरेनंच ठरवी.

आपल्याकडे रंगीत छपाई घरोघर पोचली ती दगडावरून. सेनेफेल्डरनं १७९६ मध्ये शिळाछाप शोधला, एंगेलमाननं १८३७ मध्ये रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं, आणि १८९४ मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. इथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद प्रत्येक दगडावर तंतोतंत त्याच जागी बसायला हवा. यालाच छापखान्यात ‘रजिस्टर’ म्हणतात. आमच्या देवघरातल्या जुन्या लक्ष्मीच्या तसबिरीत ते केसभर सुटलंय. साडीचा लाल रंग काठाबाहेर आलाय, आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच पांढरी रेघ उघडी पडलीय. लहानपणी मला ते देवीचं तेज वाटायचं. तसबीर हिरवट दिसते त्याला मात्र दगडाचा दोष नाही. वरचं व्हार्निश पिवळं पडलं, आणि पिवळ्याखालून निळा हिरवा दिसणारच. भिंगातून पाहिलं तर ठिपके वेडेवाकडे, हातानं काढलेले. म्हणजे मूळ तैलचित्रातली छटा किती गडद घ्यायची, याचा निर्णय कुणा कारागिराचा होता.

हा निर्णय कॅमेऱ्याकडे गेला, पण सुरुवातीचा कॅमेरा लाल रंगाला आंधळा होता. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं १८६१ साली लंडनमध्ये तीन रंगांच्या गाळण्यांतून फोटो काढलेली एक रंगीत कापडी फीत पडद्यावर दाखवली, त्यात लालही उमटला. कसा, हे शंभर वर्षांनी कोडॅकच्या राल्फ इव्हान्सनं उलगडलं: फितीतलं लाल कापड अतिनील किरणही परावर्तित करत होतं आणि कॅमेऱ्यातली रसायन लावलेली काच त्यांना भुलली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेलनं १८७३ मध्ये काचेवरच्या द्रावणात रंजक मिसळून तिला हिरव्या-पिवळ्यापर्यंतची नजर दिली. लालपर्यंत पोचायला आणखी वेळ लागला. मग जाळीतून फोटोचे लहान-मोठे ठिपके करून छापणारे हाफटोन ब्लॉक आले. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके याच धंद्यात होते. रविवर्मा प्रेसमध्ये काम केल्यावर १९०९ मध्ये ते छपाईचं नवं तंत्र पाहायला जर्मनीला गेले होते.

जाळीबरोबर नवी भानगड आली. दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की लाटा उठतात, त्याला मॉइरे म्हणतात. म्हणून सायन, मजेंटा आणि काळ्याच्या ठिपक्यांच्या रांगा एकमेकींपासून ३० अंशांच्या कोनात ठेवतात. पिवळ्याला जागा उरत नाही, त्याला मधल्या १५ अंशांत दाटीवाटीनं बसवतात. फिका असल्यानं खपून जातं. एवढं करूनही चौकड्याच्या साडीचा फोटो दगा देऊ शकतो, कारण कापडाची वीण हीच एक जाळी असते.

शिवाय ठिपका कागदावर फुगतो. वर्तमानपत्री कागदावर पन्नास टक्क्यांचा, म्हणजे निम्मी जागा व्यापणारा, ठिपका पंचाहत्तरच्या आसपास जातो, आणि ते आधीच धरलं नसेल तर माणसं सावळी येतात.

माझ्या मते सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे राखाडी रंग. सायन, मजेंटा, पिवळा सारखे मिसळले तर राखाडी येत नाही, तपकिरी येतो, कारण शाया शुद्ध नसतात. म्हणून सायन ५० टक्के, तर बाकी दोन ४०-४० टक्क्यांच्या आसपास घ्यावे लागतात. एका स्मरणिकेत आम्ही जुना कृष्णधवल फोटो चार रंगांत छापायला दिला, आणि पहिल्या पानांत गुरुजींचा पांढरा सदरा गुलाबी आला. चेहऱ्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही, सदरा मात्र सगळ्यांना खुपला. मशीनमननं मजेंटा शाई सोडणारी चावी जराशी आवळली आणि सदरा पांढरा झाला.

एक चूक मात्र माझी. मुखपृष्ठाचं प्रूफ मी रात्री पिवळ्या दिव्याखाली पास केलं. सकाळी उन्हात ते हिरवट निघालं. रंग पाहायला ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, प्रकाश धरतात. तो नसेल तर निदान दिवसाउजेडी, खिडकीपाशी पाहावं.

रंग तपासायची पट्टी छापील कागदाच्या कडेला असते आणि कटिंगमध्ये जाते, म्हणून पुस्तकात ती दिसत नाही. वर्तमानपत्र मात्र तसं कापत नाहीत. उद्याचा अंक आला की पानाच्या कडेला चार रंगांचे बारीक ठिपके किंवा फुल्या शोधा. त्या एकमेकींवर बसल्या नसतील, तर पहिल्या पानावरच्या मंत्र्यांना दोन-दोन ओठ का आलेत ते लगेच कळेल.