मोरीतलं लांबडं

मागच्या जुलैतली गोष्ट. लाईट गेलेली, पाऊस बारीक बारीक चालूच, आणि रात्री साडेनऊच्या सुमाराला शेजारच्या काकूंच्या मोरीतनं एकदम आरडाओरडा. आमच्याकडं सांगली जिल्ह्यातल्या पलूस भागात रात्रीचं सापाचं नाव घेत नाहीत, लांबडं म्हणायचं नाहीतर नुसतं जनावर, आणि चावलं तर "पान लागलं" म्हणायचं, पण काकू त्या दिवशी सगळं विसरून सरळ "मण्यार! मण्यार!" म्हणून ओरडत होत्या. गल्लीतली दोन पोरं काठ्या घेऊन हजर. बादलीच्या मागं दीडेक फुटाचं वेटोळं, अंगावर आडवे पट्टे. नशीब, कुणीतरी आधी सर्पमित्राला फोन केला होता. तो आला, बॅटरी मारून लांबनं बघितलं आणि म्हणाला, "काकू, कवड्या आहे हा. बिनविषारी. पालींच्या मागं आलाय." बरणीचं झाकण लावता लावता सहज विचारलं, "घरात उंदीर किती आहेत?" काकूंना त्या सापापेक्षा या प्रश्नाचाच जास्त राग आला.

पण प्रश्न बरोबर होता. साप आपल्या घरात आपल्यासाठी येतच नाही, तो जेवायला येतो, किंवा पावसानं बीळ भरलं म्हणून कोरड्या जागेला येतो. कवड्याला पाली लागतात, धामण आणि नाग उंदरांच्या मागं फिरतात, आणि मण्यार तर उंदीर, पाली, दुसरे साप असं सगळंच खाते, त्यात कवड्यापण आला. म्हणजे कवड्या दिसला म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही, त्याला खाणारी मागनं येऊ शकते!

आता कवड्या आणि मण्यार यात गडबड का होते बघा. दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे, दोघंही रात्रीचे, दोघंही घराच्या आसपास. मण्यार काळीभोर, निळसर झाक असलेली, तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि तिचे पट्टे बारीक, दुधासारखे पांढरे, बऱ्याचदा जोडीजोडीनं. ते मानेपाशी नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडं जाईल तसे ठळक होत जातात. कवड्याचं उलटं, मानेजवळचा पट्टा सगळ्यात ठळक आणि शेपटीकडं पुसट पुसट होत जातो, रंगही तपकिरी, आणि भिंतीवर सरसर चढतो. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षटकोनी मोठ्या खवल्यांची एक ओळ असते, पण ती ओळ दिसेल एवढ्या जवळ तुम्ही गेला असाल तर तुमचं चुकलंच आहे. अंधारात घाबरलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही, तेव्हा पट्टे दिसले की मण्यारच समजायचं आणि लांब राहायचं. ही माहिती नंतर फोटो बघून चर्चा करायला.

भारतात सापांच्या ३०० च्या वर जाती आहेत, त्यातल्या साठेक विषारी, आणि माणसं दगावतात ती बहुतेक चौघांमुळं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. हे चारही सातारा-सांगलीत आहेत. पण त्या चौघांची चावायची जागा आणि वेळ वेगळी आहे, आणि घरात खरी भीती मण्यारीची वाटायला पाहिजे. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी मोठ्यांदा फुत्कारते, फुरसं अंगावरचे खवले घासून करवतीसारखा आवाज करतं. मण्यार काहीच करत नाही. मध्यरात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते, माणूस कूस बदलतो, हात तिच्यावर पडतो आणि ती चावते. तिचे दात एवढे बारीक की मुंगी चावल्यासारखं वाटतं, कधी जागपण येत नाही. सूज नाही, रक्त नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, उलटी होते, घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली, ओवा दे. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, आणि शेवटी श्वासच थांबायला लागतो. पावसाळ्यात खाली झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीनं उठलं आणि त्याच्या पापण्या उघडेनात तर साप दिसला नसला तरी सरळ दवाखाना गाठायचा, ओव्याची वाट बघायची नाही.

असं का होतं हे आपल्या शेतातल्या मोटारीवरून सांगते. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतनं म्हणजे वायरीतनं स्नायूपर्यंत येतो, आणि शेवटच्या टोकाला एक रसायन बाहेर पडून स्नायूला चालू करतं. नागाचं विष मोटारीच्या सॉकेटमधे खोटा प्लग घालून बसतं, वायर चांगली, मोटार चांगली, फक्त जागा अडवलेली. म्हणून प्रतिविष आणि सोबत निओस्टिग्मिन नावाचं औषध दिलं की बऱ्याचदा पेशंट डोळ्यासमोर सुधारतो. मण्यारीचं विष वायरीचं टोकच जाळून टाकतं. एकदा जळालं की प्रतिविषानं ते जोडता येत नाही, ते टोक शरीराला नव्यानं वाढवावं लागतं आणि त्याला दिवस लागतात, तोपर्यंत माणूस व्हेंटिलेटरवर. म्हणून मण्यारीच्या बाबतीत लवकर पोचणं हेच औषध.

आणि बचाव किती स्वस्त आहे बघा, मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं. अट एकच, चारी बाजूनं गादीखाली खोचलेली पाहिजे, नुसती लोंबकळती सोडली तर साप आत येऊन परत बाहेर कसा पडणार? माझ्या सासूबाई खाटेवर झोपायला तयार नव्हत्या, फरशी गार लागते म्हणायच्या. "आत्ती, गारव्याला आलेली लांबडी पण फरशीवरच येणार की," म्हटल्यावर चार दिवस बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी खाट मागितली.

शेतात मात्र चित्र बदलतं. कृष्णाकाठ म्हणजे ऊस, ऊस म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे घोणस. ती पळत नाही, पाचटात अशी बसते की तिच्या अंगावरची साखळी आणि वाळलेलं पान वेगळं काढता येत नाही. लोक तिला अजगराचं पिल्लू समजून हातात घेतात, हे तर माझ्या डोक्यातच शिरत नाही. ती अंडी घालत नाही, एका वेळी वीस-चाळीस जिवंत पिल्लं टाकते आणि ती जन्मल्यापासून विषारी असतात. ऊसतोडीच्या टोळ्या पाचटात राबतात, कोपीत म्हणजे पाल्याच्या झोपडीत जमिनीवर झोपतात, म्हणजे दिवसा घोणस आणि रात्री मण्यार. गमबूट आणि मच्छरदाणी एवढं दोन जरी टोळीला मिळालं तरी केवढा फरक पडेल, पण ॲडव्हान्सच्या हिशोबात गमबूट कुणी धरत नाही.

घोणशीचं विष मज्जातंतूंपेक्षा मुख्यतः रक्तावर जातं. ते रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेला उगाचच चालू करतं, अंगभर बारीक बारीक गुठळ्या होत राहतात आणि गोठायचा सगळा माल संपून जातो. मग हिरड्यातनं, लघवीतनं रक्त, चावलेल्या जागी भयंकर सूज, आणि पुढं किडनी बंद. हे ओळखायची टेस्ट इतकी साधी आहे की बघून आश्चर्य वाटतं. पेशंटचं दोनेक मिली रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता उभं ठेवायचं, मग नळी आडवी करायची. रक्त दह्यासारखं लागलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. नळी काचेचीच लागते कारण काचेला लागूनच रक्त गोठायला सुरुवात होते, प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणानं धुतलेल्या नळीत उत्तर चुकतं. दवाखान्यात नातेवाईक "वीस मिनिटं नुसते नळीकडं बघत बसलेत" म्हणून भांडतात, ते बघत बसणं म्हणजेच टेस्ट असते.

प्रतिविष तयार कसं होतं? घोड्यांना या चार सापांचं विष अगदी थोडं थोडं वाढवत टोचतात, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात. मुंबईची हाफकिन संस्था हे काम फार जुन्या काळापासून करते. एकाच बाटलीत चौघांवरचा इलाज असतो, म्हणून "कुठला साप होता" हे दाखवायला मेलेला साप पिशवीतनं आणायची गरज नाही. तुटलेलं मुंडकंसुद्धा काही वेळ चावू शकतं! सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या द्याव्या लागतात, आणि सरकारी दवाखान्यात त्याचे पैसे पडत नाहीत.

पान लागलं तर करायचं काय? माणसाला आडवं करा, चालवू नका, चावलेला हात-पाय फळीनं बांधून स्थिर ठेवा, जोडवी-अंगठी-बांगड्या लगेच काढा कारण सूज आल्यावर कापाव्या लागतात, १०८ लावा नाहीतर मिळेल त्या गाडीनं निघा. घट्ट दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. आणि देवळात न्यायचं नाही. मांत्रिकाकडं माणसं बरी होतात ती कशी, तर चावणारे बरेच साप मुळात बिनविषारी असतात, आणि विषारी सापसुद्धा कधी कधी कोरडाच चावा घेतो, म्हणजे विष सोडत नाही. असे सगळे पेशंट मांत्रिकाच्या खात्यात जमा होतात. उरलेल्यांचा हिशोब असा, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८,०००, आणि बहुतेक मृत्यू दवाखान्याबाहेर झाले.

पावसाळा लागला की दुकानात डांबर गोळ्या आणि फिनेलचा खप वाढतो. काही उपयोग नाही, साप डांबर गोळ्या ओलांडून जातात. मीठ, चुना, लसूण, तेच. सापाला हाकलण्यापेक्षा एकदा जमिनीला कान लावल्यासारखं होऊन आपलं घर त्याच्या उंचीवरनं बघा. आम्ही बघितलं. मोरीच्या भोकाला जाळी नव्हती, मागच्या दाराखाली करंगळी जाईल एवढी फट, खिडकीवर जाईचा वेल चढवलेला, कोंबड्यांच्या खुराड्याखाली सांडलेली कणी, आणि दाराला लागूनच सासूबाईंनी रचलेल्या शेणी म्हणजे गोवऱ्या, त्यात उंदरांचं अख्खं गाव. म्हणजे आम्ही हॉटेल काढून बसलो होतो आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बोंबलत होतो.

२०१९ च्या महापुरात, सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा, साप पण आपल्यासारखेच उंचावर आले होते. पूर उतरल्यावर गाळातली भिजलेली अंथरुणं, लाकडं हातानं ओढायची नाहीत, आधी काठीनं उलटायची, हे तेव्हा कळलं. तीच सवय आता बाहेर काढलेल्या बुटांना, वैरणीला, कुंड्यांना. रात्री अंगणात जायचं तर बॅटरी आणि जरा पाय आपटत, सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीची थरथर जबड्यातनं आतल्या कानाला चांगली कळते.

घरात निघालाच तर एका माणसानं लांबनं नजर ठेवायची, बाकीच्यांनी पोरं आणि कुत्री बाहेर काढायची, आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर नाहीतर सर्पमित्राला फोन. मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहेच, शिवाय बरेच चावे मारायला गेल्यावरच होतात. आमच्याच जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक निघायची, कोर्टाच्या आदेशानंतर ती थांबली. तिथल्या म्हाताऱ्यांना त्याचं वाईट वाटतं, मला समजतं ते, पण पकडलेला नाग दूध पीत नाही, तहानेनं कासावीस झाला म्हणून तोंडात गेलेलं गिळतो.

गणपतीच्या आधी आम्ही त्या शेणी उचलून पार लांब बांधाला नेऊन रचल्या, खाली विटा घालून. महिन्याभरानं सासूबाई सकाळी बांधावरनं आल्या, चहा ओतून घेतला आणि म्हणाल्या, शेणीजवळ धामण आहे, चांगली हातभर जास्तच. मी विचारलं, मग सर्पमित्राला बोलवू?

"कशाला? तिथं उंदरं हायती. असू दे तिला."