अपडेटनंतर फोन बदलला? रिसेट मारण्याआधी हे वाचा

ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपती तोंडावर आलेले असताना, आमच्या मोबाइलच्या दुकानात एकच तक्रार सुरू झाली: "कॉलिंगचं सगळं आपोआप बदललंय, जुनं करून द्या." पाठोपाठ सॅमसंगवाले आले, मग आयफोनवाले. विचारणं अजून चालूच आहे, म्हणून हे पत्रक. वाचून घरीच काम झालं तर उत्तमच, फेरी वाचेल. फक्त रिसेटबद्दलचा भाग नीट वाचा, कारण खरं नुकसान तिथेच होतं.

रिसेटने जुना फोन परत येत नाही

कुणीतरी व्हिडिओत सांगितलेलं असतं, नाहीतर भाच्याने फोनवरून सुचवलेलं असतं, की फॅक्टरी रिसेट मार, फोन पहिल्यासारखा होईल. तसं होत नाही. फोनमध्ये सिस्टिमची जागा वेगळी असते आणि तुमच्या फोटो-मेसेजची वेगळी. रिसेट फक्त तुमची जागा पुसतो. अपडेटने सिस्टिम नवी झालेली असेल तर ती नवीच राहते. फोटो जातात, व्हॉट्सअ‍ॅप जातं, आणि जे डिझाइन नको होतं तेच पुन्हा समोर येतं. कॉलिंगचं अ‍ॅप रिसेटनंतर थोडा वेळ जुनं दिसतं हे खरं, पण प्ले स्टोअर चालू झालं की तेही पुन्हा अपडेट होतं. आणि तेवढ्यासाठी अख्खा फोन पुसायची गरजच नाही, उपाय पुढे दिला आहे.

खरी अडचण रिसेटनंतर सुरू होते. खासकरून बाहेरची बटणं दाबून रिसेट केला असेल, तर फोन वायफायला जोडला की तो त्यावर आधी असलेलं गुगल खातं विचारतो. चोरलेला फोन कुणाला वापरता येऊ नये म्हणून हे कुलूप अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून आहे. आता बऱ्याच जणांच्या बाबतीत हे खातं फोन विकत घेताना दुकानातल्या मुलाने काढून दिलेलं असतं. ईमेल काय होता माहीत नाही, पासवर्ड तर त्याहून नाही, आणि खात्याला जोडलेला नंबर तीन वर्षांपूर्वीच्या बंद सिमचा. फोन ठणठणीत असतो, पण पडद्यावरून पुढे सरकत नाही. असा फोन आमच्या काउंटरवर आला की आमचा आणि तुमचा अर्धा दिवस जातो, आणि तरीही खातं सापडेलच असं नाही.

खातं परत मिळालं तरी काम संपत नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये सिमवरून पुन्हा मेसेज जाऊन नोंदणी करावी लागते, बँकेची अ‍ॅप पुन्हा सुरू करावी लागतात. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नसेल तर जुने मेसेज आम्हालाही आणता येत नाहीत.

म्हणून काहीही करण्याआधी दोन गोष्टी बघा. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर किंवा 'गुगल' या ठिकाणी कोणता ईमेल आहे ते वहीत लिहून ठेवा, आणि त्याचा पासवर्ड चालतो का ते दुसऱ्या फोनवर तपासा. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप उघडा आणि शेवटच्या बॅकअपची तारीख वाचा. ती काही महिन्यांपूर्वीची असेल तर बहुतेक वेळा गुगलची फुकट १५ जीबी जागा भरलेली असते. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही याच १५ जीबीत मोजला जातो, आणि ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर २४ तास थांबून मगच रिसेट करा, असं गुगलच सांगतं.

लॉक तोडून का देत नाही

यावरून लोक नाराज होतात, म्हणून स्पष्ट लिहितो. गुगल खात्याचं कुलूप आम्ही बिलाशिवाय हाताळत नाही. फोन तुमचाच असेल, आमचा तुमच्यावर अविश्वास नाही. पण चोरीचा फोन आणणारा माणूसही हेच सांगतो. मे २०२३ पासून हरवलेले-चोरलेले फोन आयएमईआय नंबरवरून (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) देशभर ब्लॉक करायची सरकारी सोय आहे, तेव्हा अशा फोनला हात लावणारं दुकानही अडचणीत येतं. बिल असेल तर तासभर बसून खातं परत मिळवायला आम्ही मनापासून मदत करतो, आणि तेवढ्या वेळाचे पैसे घेतो.

"मी तर अपडेट केलंच नव्हतं"

हे खरं असतं. अपडेट दोन तऱ्हेचं येतं. एक अख्ख्या सिस्टिमचं, जे तुमची परवानगी मागतं आणि फोन बंद-चालू करतं. दुसरं एकेका अ‍ॅपचं, जे प्ले स्टोअर वायफायवर गुपचूप करून टाकतं. ऑगस्टमध्ये बदललं ते गुगलचं फोन अ‍ॅप, आणि ते दुसऱ्या तऱ्हेचं होतं. रिअलमी, ओप्पो, वनप्लस, मोटोरोला अशा अनेक फोनमध्ये कॉलिंगला हेच अ‍ॅप असतं, म्हणून एकाच आठवड्यात इतक्या जणांना एकदम धक्का बसला.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो वयस्कर माणसांना. फोन वाजतोय, आजी सवयीने हिरवी खूण वर सरकवतात, काही होत नाही, रिंग वाजून बंद पडते. नव्या पद्धतीत ती खूण आडवी सरकवावी लागते. यावर सोपा उपाय आहे. फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'इनकमिंग कॉल जेश्चर' आहे, तिथे 'सिंगल टॅप' निवडा. मग फक्त टेकवलं तरी फोन उचलला जातो. बहुतेकांचं समाधान एवढ्यानेच होतं. नावांची यादी सापडत नसेल तर ती वरच्या शोधपट्टीजवळच्या तीन रेघांमध्ये आहे.

तरीही जुनंच हवं असेल तर फोन अ‍ॅपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, 'अ‍ॅप इन्फो' उघडा, वरच्या तीन टिंबांमध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' असेल ते दाबा. नंतर प्ले स्टोअरमध्ये त्याच अ‍ॅपच्या पानावर तीन टिंबं दाबून ऑटो अपडेटची खूण काढा, नाहीतर नवं डिझाइन परत येईल. त्याआधी या अ‍ॅपमध्ये जपून ठेवलेली कॉल रेकॉर्डिंग असतील तर ती शेअर करून बाहेर काढा, ती पुसली जाऊ शकतात. मात्र सगळ्याच अ‍ॅपचं ऑटो अपडेट बंद करू नका. बँकेची अ‍ॅप जुनी राहिली की एक दिवस उघडायचीच थांबतात, आणि तो दिवस नेमका पैसे पाठवायचा असतो.

एक कळकळीची विनंती. जुनं कॉलिंग अ‍ॅप मिळवायला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली किंवा कुठल्या साइटवरची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल) टाकू नका. आरटीओ चलन, लग्नपत्रिका अशा नावांच्या फाइलींनी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. चुकून टाकलीच तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. आमच्याकडे नंतर या.

सॅमसंग आणि आयफोन

सॅमसंगच्या फोनवर २०२५ मध्ये वन यूआय ७ (सॅमसंगच्या सिस्टिमची नवी आवृत्ती) आलं आणि वरून बोट ओढल्यावर नोटिफिकेशन एकीकडे, वायफाय-टॉर्चची बटणं दुसरीकडे झाली. उजव्या कोपऱ्यातून ओढा, पेन्सिलच्या खुणेवर जा, 'पॅनल सेटिंग्ज'मध्ये 'टुगेदर' निवडा. दोन्ही पुन्हा एकत्र येतात.

आयफोनवर १५ सप्टेंबर २०२५ ला आयओएस २६ आलं, ते काचेसारखं आरपार दिसणारं. अक्षरं वाचताना डोळ्यांना त्रास होत असेल तर सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज'मध्ये 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' चालू करा. २६.१ किंवा पुढची आवृत्ती असेल तर 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस'मध्ये 'लिक्विड ग्लास' असा वेगळा पर्याय मिळतो, त्यात 'टिंटेड' निवडा.

"जुनं सॉफ्टवेअर मारून द्या"

नवीन आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत अ‍ॅपल जुन्या आवृत्तीला मान्यता देणं थांबवते, मग कोणत्याही दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ती चढत नाही. अँड्रॉइडचे बरेच नवे फोनही मागची आवृत्ती नाकारतात आणि जबरदस्ती केली तर फोन डेड होऊ शकतो. फोनच्या सिस्टिमचं मूळ कुलूप (बूटलोडर) उघडून ते काम केलंच तर बऱ्याच बँकांची अ‍ॅप चालायची बंद होतात. दुसऱ्या दुकानात कुणी करून देतो म्हणाला तर त्याला आधी डेटाचं काय होणार ते विचारा. आम्ही हे काम घेत नाही.

अपडेटनंतर दोन-तीन दिवस बॅटरी लवकर उतरणं, फोन थोडा गरम होणं हे नेहमीचं आहे. आतमध्ये अ‍ॅपची नव्याने जुळणी चालू असते. त्यासाठी लगेच बॅटरी बदलायला येऊ नका. आठवड्यानंतरही तसंच असेल तर मात्र आणा, बॅटरीची तपासणी फुकट करतो. पडद्यावर हिरवी रेघ आली असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. काही कंपन्यांनी काही मॉडेलचे पडदे फुकट बदलून दिले आहेत, आम्हाला पैसे देऊन बसू नका.

वर लिहिलेल्या सेटिंग्ज दुकानात बदलून हव्या असतील तर त्याचे पैसे नाहीत. फोटो, नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपचा पूर्ण बॅकअप पेनड्राइव्हवर काढून देतो, त्याचा दर काउंटरवर लावला आहे, पेनड्राइव्हही इथे मिळतो. मोठं सिस्टिम अपडेट टाकण्याआधी एकदा हे करून घ्या. आई-वडिलांचा फोन असेल तर त्यांनाच घेऊन या, दुपारी दोन ते चार गर्दी नसते. मोठी अक्षरं, घरच्यांचे नंबर पहिल्याच पडद्यावर आणि कॉल उचलायची सवय त्यांच्याच हाताने करून घेतो. येताना बिल, गुगलचा ईमेल-पासवर्ड लिहिलेला कागद आणि खात्याला जोडलेलं सिम चालू अवस्थेत सोबत असू द्या.