कासवाची पाठ मऊ का पडते?

ॲक्वेरियमच्या दुकानात पाच रुपयांच्या नाण्याहून जरा मोठं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पिल्लू मिळतं. सोबत प्लास्टिकचं भांडं आणि त्यात प्लास्टिकचंच नारळाचं झाड. हे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानदार म्हणतो, एवढंच राहतं. तसं नसतं. मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर त्याहून लहान राहतो आणि नीट सांभाळलं तर दोघंही तीस वर्षं सोबत करतात. जी खरोखरच 'एवढीच राहतात' ती बहुतेक वेळा मऊ पाठीनं पहिल्या-दुसऱ्या वर्षात मरतात.

आधी एक कायद्याची गोष्ट. चांदणी कासव म्हणजे स्टार टॉर्टॉइज आणि आपल्या तळ्या-विहिरींतली मऊ कडांची पाणकासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. ती घरात ठेवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. 'शुभ असतं' म्हणून कोणी आणून दिलं तरीही. वास्तूसाठी हवं असेल तर पितळेचं आणावं, त्याला दिवाही लागत नाही. पुढचं सगळं स्लायडरबद्दल आहे.

कवच म्हणजे कासवानं अंगावर घेतलेलं घर, अशी आपली लहानपणापासूनची समजूत. प्रत्यक्षात ते त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा पसरून, एकमेकांत जुळून तयार झालेलं हाड आहे. सुमारे पन्नास ते साठ हाडांचा हा सांगाडा. त्यातून रक्त वाहतं, त्यात नसा आहेत, पाठीवर बोट फिरवलेलं कासवाला कळतं. हाडावर केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे, पातळ खवले बसलेले असतात. स्लायडरच्या पाठीच्या मधल्या भागात असे तेरा मोठे खवले मोजता येतात: कण्यावर पाच आणि दोन्ही बाजूंना चार-चार. खवल्यांचे सांधे आणि खालच्या हाडांचे सांधे एकावर एक येत नाहीत. गवंडी विटा जशा सांधा चुकवून लावतो तशी ही रचना आहे, म्हणून ती सहसा चिरत नाही.

हाड असल्यामुळेच कवच ही कॅल्शियमची ठेव आहे. रक्तात कॅल्शियम कमी पडलं तर हृदय आणि स्नायू नीट चालत नाहीत. मग शरीर हाडांतली ठेव मोडतं आणि कासवाचं सगळ्यात मोठं हाड त्याच्या पाठीवर आहे. मऊ पडलेली पाठ दिसते तोवर ही उचल काही महिने चाललेली असते.

यात खाण्याइतकाच उजेडाचा वाटा आहे. सूर्यप्रकाशातले २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या आसपासचे यूव्हीबी (अतिनील) किरण त्वचेवर पडले की तिथे ड जीवनसत्त्वाचं पूर्वरूप बनतं आणि अंगाच्या उबेनं त्याचं ड३ होतं. ड३ नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात पुरेसं शोषलं जात नाही. म्हणून किरण आणि ऊब एकाच जागी लागतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. टाकीचं काचेचं झाकणही तेच करतं. साधा पिवळा बल्ब ऊब देतो, किरण देत नाही. यूव्हीबीची नळी किरण देते, ऊब जवळपास देत नाही. घरातला एलईडी दोन्ही देत नाही. तेव्हा दोन दिवे लागतात, आणि दोन्ही, कासव पाण्याबाहेर येऊन बसतं त्या जागेच्या वरच. नळी पाठीपासून साधारण २५ ते ३० सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा ॲक्रिलिक न ठेवता, रोज दहा ते बारा तास. नळी उजळत राहिली तरी तिचे किरण हळूहळू उतरतात. वर्षभरात ती बदलावी आणि बसवल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. पाणी निर्जंतुक करायचा यूव्हीसी दिवा मात्र चुकूनही लावू नये, त्यानं डोळे भाजतात.

गच्चीतलं खरं ऊन मिळत असेल तर उत्तमच. सकाळी अर्धा तास, पसरट टबात, अर्धी बाजू सावलीत, आणि लक्ष ठेवून, कारण घार-कावळे आहेतच. काचेची टाकी उन्हात ठेवू नये. ती भट्टी होते आणि आतलं कासव पळून जाऊ शकत नाही. आपल्याकडे खरी पंचाईत जुलै-ऑगस्टची. कोकणात आणि मुंबईत आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, 'आम्ही गच्चीत नेतो' म्हणणाऱ्या घरांतही त्या काळात नळी हवीच.

बसायची जागा ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, पाणी २४ ते २७. पिल्लाला पाणी अंशभर गरम चालतं. नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात पाणी वीसच्या खाली येतं, कासव खाणं सोडतं आणि आत गेलेलं पचत नाही. हीटर लावावा, पण जाळीदार आवरणासह, कारण मोठं कासव काचेची नळी सहज फोडतं.

खाण्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे डबीतली वाळवलेली बारीक कोळंबी हाच रोजचा आहार. तिच्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. डोळे सुजतात, मिटतात, दिसत नाही म्हणून कासव खात नाही. दुसरी चूक खिम्याची. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो आणि तो कॅल्शियमचा हिशेब बिघडवतो. आहारात फॉस्फरस एक तर कॅल्शियम दीड ते दोन, असं प्रमाण हवं. पिल्लाला रोज, त्याचं डोकं पोकळ मानलं तर त्यात मावतील एवढ्याच कासवांसाठीच्या गोळ्या. मोठ्याला गोळ्या दोन-तीन दिवसांतून एकदा आणि पाला रोज: शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मोहरीची कोवळी पानं, किसलेलं गाजर. पालक, अळू, चुका टाळावेत, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. दूध-पोळी, भात, बिस्किटं हे आपले लाड आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर मिळणारा समुद्रफेस, म्हणजे माकूळाच्या आतलं पांढरं कवच, यासाठी फार कामाचा: पाठीमागचा कडक पापुद्रा काढून, दोन दिवस पाणी बदलत भिजवून खारटपणा घालवावा आणि तुकडा पाण्यात सोडावा. लागेल तेव्हा कासव स्वतःच कुरतडतं.

टाकीचं माप कवचाच्या लांबीवरून काढतात: दर अडीच सेंटिमीटरला साधारण ४० लिटर. २० सेंटिमीटरच्या कासवाला ३०० लिटरहून जास्त, हा आकडा ऐकून बरेच जण गप्प होतात. फिल्टर टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा, कारण कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. आठवड्याला चौथाई पाणी बदलावं, नळाचं असेल तर दिवसभर उघडं ठेवून. तळाला बारीक खडी नको, कासव ती गिळतं आणि आतडं तुंबतं. बसायची जागा मात्र सगळ्यात जास्त फसवते. बाजारातली तरंगती फळी मोठ्या कासवाच्या वजनानं बोटभर बुडते. पाठ वाळते, पोट ओलंच राहतं आणि कवचाची सड, म्हणजे जंतूंनी कुजणं, पोटाकडून सुरू होते. कासव वर चढून बसल्यावर त्याच्याखालचा पृष्ठभाग कोरडा राहिला पाहिजे.

आता कवच कसं पाहायचं. कासव बाहेर काढून पुसावं, तासभर वाळू द्यावं आणि तिरप्या उजेडात दोन्ही बाजू पाहाव्यात. ओल्या कवचावर निम्म्या गोष्टी दिसत नाहीत. पांढरा डाग दिसला की लोक 'बुरशी' म्हणून औषध लावायला घेतात. नखानं खरवडल्यावर पिठासारखा निघाला तर तो बोअरच्या पाण्याचा क्षार. निम्मं पाणी-निम्मं व्हिनेगर कापसानं लावून धुवावं. खवल्याखाली चंदेरी, एकसारखी चमक असेल आणि दाबून कडक लागत असेल तर खवला सुटायच्या बेतात आहे आणि खाली हवा शिरली आहे. असा खवला कांद्याच्या पापुद्र्यासारखा अखंड, पारदर्शक पडतो. तो ओढून काढू नये, खालचा कोवळा थर उघडा पडतो. तेरापैकी एकही वर्षभर पडला नाही आणि थरावर थर साचले, तर बसायची जागा पुरेशी कोरडी-गरम नाही. हिरवा थर म्हणजे शेवाळ, मऊ टूथब्रशनं जातं.

काळजी कशाची करायची? वास. कुजका वास, खड्डा, खवल्याच्या कडेखाली दाबल्यावर येणारा पाझर किंवा चीजसारखा पांढरट भुगा, ही सड. पोटाच्या कवचावर गुलाबी-लाल झाक पसरली असेल तर संसर्ग रक्तात गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर. मऊपणा तपासताना लक्षात ठेवावं की वर्षाच्या आतल्या पिल्लाची पाठ थोडी दबतेच. वर्षानंतर मागची कड अंगठ्याला लाकडासारखी लागली पाहिजे. दबत असेल, किंवा कडा पन्हळीसारख्या वर वळल्या असतील, तर औषधाआधी नळी आणि ताट पाहावं.

सड वरवरची असेल तर घरी करता येतं ते असं. मेडिकलमधलं १० टक्क्यांचं पोव्हिडोन-आयोडीन एक भाग आणि पाणी दहा भाग, रंग कोऱ्या चहासारखा. मऊ ब्रशनं लावून दहा मिनिटं ठेवावं, धुवावं, पूर्ण वाळवावं, मग भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, अगदी पातळ. त्यानंतर कासव कोरड्या टबात टॉवेलवर, २८ ते ३० अंशांत. रोज तासभर पाण्यात सोडावंच, कारण हे कासव पाण्याबाहेर गिळू शकत नाही. दोन-तीन आठवडे हाच क्रम. आठवड्यात वास गेला नाही, किंवा खड्ड्यात हाड दिसलं, तर पुढचं काम प्रतिजैविकांच्या इंजेक्शनचं आहे, तेही सरपटणाऱ्या प्राण्यांची सवय असलेल्या पशुवैद्याकडूनच. कुत्र्या-मांजरांना देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला जीवघेणं ठरतं. डॉक्टरांना हे आधी विचारायला संकोच करू नये.

खोबरेल तेल, वॉर्निश, नेलपॉलिश यांतलं काहीच कवचावर लावू नये. तेलाची चकाकी दोन दिवस छान दिसते, घाण मात्र सांध्यांत धरून बसते. बाल्कनीतून पडून कवच तडकलं तर सलाइननं धुवावं, स्वच्छ गॉज बांधून कोरड्या खोक्यात घालून न्यावं. झटपट चिकटवणारा गोंद ओतला की जंतू आतच कोंडले जातात. भेग जुळायला महिनोन्महिने लागतात, मोठी असेल तर वर्षाहूनही जास्त, आणि तोवर पोहणं बेतानंच.

टाकी परवडेनाशी झाली म्हणून देवळाच्या तळ्यात सोडायचा मोह अनेकांना होतो. स्लायडर जगातल्या सर्वाधिक उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे, आपल्या कासवांची उन्हाची जागा आणि खाणं तो बळकावतो. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारावं.

दर महिन्याच्या एक तारखेला पोटाच्या कवचाचा फोटो काढावा आणि वजन करावं. रोज पाहणाऱ्याला न दिसणारा बदल दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतो. वजनकाटा मात्र स्वयंपाकघरातला नको, टाकीचं पाणीही सिंकमध्ये ओतू नये. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असतो. त्यापायी अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवरच बंदी घातली, कारण एवढी लहान कासवं मुलं तोंडात घालत होती. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर टाकीला झाकण आणि हाताला साबण.