पक्षानुसार मृत्यू मोजताना : एका वादग्रस्त आकड्याची पार्श्वभूमी

जुलै २०२३मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात येल विद्यापीठातल्या तिघांचा शोधनिबंध आला. जेकब वॉलेस, पॉल गोल्डस्मिथ-पिंकहॅम आणि जेसन श्वार्ट्झ हे त्याचे लेखक. त्यांनी फ्लोरिडा आणि ओहायो या दोन राज्यांच्या मतदारयाद्या मृत्यूंच्या नोंदींशी जुळवल्या. कोविडच्या काळात रिपब्लिकन म्हणून नोंद असलेल्या मतदारांमधले अतिरिक्त मृत्यू डेमोक्रॅट मतदारांपेक्षा जास्त होते, आणि हा फरक मुख्यतः लस सगळ्यांना खुली झाल्यानंतरच्या काळातला होता, असा त्यांचा निष्कर्ष होता.

निबंध आला त्या दिवसापासून त्याचे दोन वापर सुरू झाले. एका बाजूने तो प्रतिपक्षाच्या तोंडावर फेकला, दुसऱ्या बाजूने तो वाचण्याआधीच खोटा ठरवला. दोघांनीही मूळ कागद वाचण्याचे कष्ट घेतले असते, तर त्यात वादाला आणि विचाराला कितीतरी चांगली सामग्री सापडली असती. असा आकडा कुठून येतो, त्यावर शंका कुठे घ्यायची आणि कुठे नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. २०२०च्याही बरंच मागे, लंडनच्या कॉलऱ्यापर्यंत.

‘अतिरिक्त मृत्यू’ ही कल्पना मुळात साधी आहे. एरवी एखाद्या काळात शंभर माणसं गेली असती आणि साथीत एकशे बावीस गेली, तर वरचे बावीस हे अतिरिक्त. दाखल्यावर मृत्यूचं कारण काय लिहिलंय याची इथे गरज पडत नाही, म्हणून चाचण्या अपुऱ्या असल्या तरी हा हिशेब करता येतो. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातल्या विल्यम फार यांनी लंडनच्या १८४७च्या इन्फ्लुएंझा साथीचे बळी याच रीतीने मोजले. आकड्यांवर एवढी पकड असलेली माणसं त्या शतकात मोजकीच होती.

याच फार यांचा एक हिशेब मात्र चुकीच्या वाटेने गेला. १८४८-४९मध्ये लंडनमध्ये कॉलरा आला. फार यांनी शहराच्या एकेका विभागातले मृत्यू मांडले आणि त्यांना दिसलं की थेम्स नदीच्या पातळीपासून विभाग जितका उंचावर, तितके मृत्यू कमी. हा संबंध इतका नीट जुळत होता की त्यांनी त्याचं सूत्रच बसवलं. नदीकाठच्या सखल भागातली दूषित हवा माणसं मारते, या तेव्हाच्या समजुतीला त्यातून बळ मिळालं. आकडे खरे होते, उंचीशी असलेलं नातंही खरं होतं. कारण मात्र हवेत नव्हतं, पाण्यात होतं. सखल भागातली घरं नदीचं घाण पाणी पीत होती.

ते दाखवलं लंडनमधले डॉक्टर जॉन स्नो यांनी, १८५४च्या साथीत. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवत. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल ही कंपनी थेम्सचं पाणी शहरातच, बॅटरसीला उचलत असे. लॅम्बेथ कंपनीने १८५२मध्ये आपली उचल वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेली होती. दोघींचे नळ त्याच गल्ल्यांतून गेलेले. शेजारच्या दोन घरांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं पाणी, घरं सारखी, हवा तीच, उंची तीच. स्नो दारोदार फिरून कुठल्या कंपनीचं पाणी येतं हे विचारत. कित्येक घरमालकांनाच ते ठाऊक नसे. मग ते पाण्याचा नमुना घेत आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकत. बॅटरसीच्या पाण्यात भरतीबरोबर आलेलं मीठ भरपूर, त्यामुळे पांढरा साका दाट दिसे. डिटनच्या पाण्यात तो जेमतेम. पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले, दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८. दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७.

फार यांनी विभाग मोजले, स्नो यांनी घरं मोजली. पक्ष आणि मृत्यू यांवरच्या सगळ्या आधुनिक वादाचं मूळ मला या एका फरकात दिसतं.

समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल बोलण्याचा धोका पुढे १९५०मध्ये विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेवरून दाखवून दिला. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी दिसत होती. यावरून स्थलांतरित लोक अधिक शिकलेले होते असं कुणी म्हटलं असतं तर ते सपशेल चुकलं असतं. माणसागणिक पाहिलं तर स्थलांतरितांमध्ये निरक्षरता जास्तच होती. ते जिथे जाऊन राहिले ती राज्यंच मुळात शिकलेली होती, एवढाच त्याचा अर्थ. या घसरणीला संख्याशास्त्रात इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. गावावरून गावकऱ्याची पारख, असं आपण म्हणू.

आता २०२०. वसंत ऋतूत पहिली लाट आली ती न्यू यॉर्क आणि आसपासच्या दाट वस्तीवर. इस्पितळांबाहेर मृतदेह ठेवायला शीतपेटीसारखे थंड ट्रक उभे होते. हा सगळा पट्टा डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारा. त्या महिन्यांत कुणी पक्षानुसार नकाशा काढला असता, तर तो डेमोक्रॅट मतदारांच्या विरोधात गेला असता, आणि त्यातून पक्षाबद्दल काहीही सिद्ध झालं नसतं. विमानतळ, भुयारी रेल्वे, गर्दी आणि विषाणू आधी कुठे उतरला, एवढंच त्यातून कळलं असतं.

पुढे नकाशा फिरला. ११ डिसेंबर २०२०ला फायझरच्या लशीला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२१पर्यंत अमेरिकेतल्या प्रत्येक प्रौढाला लस खुली झाली. ही लस वेगाने तयार व्हावी म्हणून पैसा ओतणारी सरकारी योजना डोनाल्ड ट्रम्प यांच्याच कारकिर्दीतली. त्यांनी स्वतःही लस घेतली होती. तरीही २१ ऑगस्ट २०२१ला अलाबामातल्या कलमन इथल्या सभेत ‘लस घ्या’ म्हटल्यावर त्यांच्याच समर्थकांतून हुर्यो उडाली. नोव्हेंबर २०२१मध्ये केएफएफ या आरोग्यविषयक संस्थेच्या पाहणीत लस न घेतलेल्यांमध्ये रिपब्लिकनांकडे झुकणारे लोक डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघाले.

त्याच सुमारास काउंटीवार तुलना गाजू लागल्या. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण आकाराने पुष्कळदा लहान. आरोग्यविषयक आकडेवारीचे विश्लेषक चार्ल्स गाबा यांनी काउंटीनिहाय आकडे मांडले, ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये डेव्हिड लिऑनहार्ट यांनी ‘रेड कोविड’ (लाल हा रिपब्लिकन पक्षाचा रंग) हा शब्द लोकांपुढे नेला, आणि डिसेंबर २०२१मध्ये एनपीआर या सार्वजनिक नभोवाणीने सांगितलं की मे २०२१पासून ट्रम्प यांना भरघोस मतं देणाऱ्या काउंट्यांत कोविडने मरण्याचं प्रमाण बायडन यांच्या बाजूने गेलेल्या काउंट्यांच्या जवळपास तिप्पट होतं.

इथे शंका घेणं रास्तच होतं. काउंटीने कुणाला मत दिलं आणि काउंटीत कोण मेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेलेला माणूस त्या काउंटीतला अल्पसंख्य डेमोक्रॅट असू शकतो. ग्रामीण काउंट्यांत वय जास्त, मधुमेह आणि लठ्ठपणा जास्त, मोठं इस्पितळ लांब. फार यांच्या उंचीसारखाच इथे पक्षही भलत्याच कुठल्या कारणाच्या जागी उभा असू शकतो.

या शंकेला आधार देणारं संशोधनही झालं. जून २०२२मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात हैदर वराइच आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१९चे, म्हणजे कोविडच्या आधीचे मृत्युदर मांडले. वयाचा फरक काढून टाकल्यावर डेमोक्रॅट काउंट्यांत दर लाखामागे मृत्यू ८५०वरून ६६४वर आले होते, रिपब्लिकन काउंट्यांत ८६७वरून ७७१वर. दोन्हीकडे सुधारणा झाली, पण दरी आधीच्या सहापटीहून जास्त झाली. म्हणजे साथ येण्याआधीच ही वाट फुटलेली होती. त्याच महिन्यात ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात आलेल्या सहगल आणि सहकाऱ्यांच्या निबंधात ऑक्टोबर २०२१पर्यंतच्या कोविड मृत्यूंत रिपब्लिकन बहुमताच्या काउंट्या लाखामागे ७२.९ने पुढे दिसल्या. लसीकरणातल्या फरकाने या दरीचा फक्त १० टक्के भाग समजावता येत होता. हा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच फारसा कुणी उद्धृत करत नाही. ‘लस घेतली नाही म्हणून मेले’ एवढ्या एका वाक्यात ही गोष्ट मावत नाही, हे तो सांगतो.

येलच्या तिघांचं काम या पार्श्वभूमीवर पाहिलं पाहिजे. स्नो यांनी विभागाकडून घराकडे जी उडी घेतली, तशीच यांनी काउंटीकडून माणसाकडे घेतली. २०१७च्या मतदारयादीतलं नाव घ्यायचं, २०१८ ते २०२१च्या मृत्यूंच्या नोंदीत ते शोधायचं, आणि वय व राज्य यांचा हिशेब धरून साथीआधीच्या अपेक्षित मृत्यूंशी तुलना करायची. २५ वर्षांवरच्या ५,३८,१५९ मृत्यूंचा हा संच. मृत्यूच्या वेळचं मध्यक वय (निम्मे त्याहून लहान, निम्मे मोठे) ७८.

मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ या एकूण काळात रिपब्लिकनांचा अतिरिक्त मृत्युदर २.८ टक्केबिंदूंनी (दोन टक्केवारींची थेट वजाबाकी), म्हणजे डेमोक्रॅटांच्या दराच्या तुलनेत १५ टक्क्यांनी जास्त निघाला. लस सर्वांना खुली होण्याआधी दरी जवळपास नव्हतीच; उलट रिपब्लिकन ०.९ टक्केबिंदूने खाली होते. १ मे २०२१नंतर ती ७.७ टक्केबिंदूंवर गेली. त्या काळात रिपब्लिकनांचा दर डेमोक्रॅटांच्या दरापेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होता.

वेळेचा हा तुकडा या अभ्यासाचं खरं बळ आहे. केवळ वय, आजार किंवा इस्पितळाचं अंतर कारण असतं, तर पहिल्या वर्षातही ते दिसायला हवं होतं. त्या गोष्टी मे २०२१मध्ये अचानक बदलल्या नाहीत.

आता शंका कुठे उरतात? हाच अभ्यास सप्टेंबर २०२२मध्ये कच्च्या रूपात प्रसिद्ध झाला, तेव्हा एकूण फरक ७६ टक्के दिला होता. नियतकालिकात छापला गेला तेव्हा १५ टक्के. दिशा तीच राहिली, आकार फार बदलला. कच्चा आकडा वर्तमानपत्रांत पोचला आणि लोकांच्या डोक्यात तोच बसला, ही मला गंभीर बाब वाटते. दुसरं, संशोधकांकडे कुणी लस घेतली याची माणसागणिक नोंद नव्हती. दरी कमी लसीकरणाच्या काउंट्यांत एकवटली होती, म्हणजे लशीपुरता दुवा पुन्हा काउंटीच्याच पातळीवर आला. मृत्यूचं कारणही त्यांच्यापुढे नव्हतं, आणि शिक्षण, उत्पन्न, विमा यांतला फरकही नाही.

तिसरी शंका ओहायोची, आणि ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. फ्लोरिडात मतदार नोंदणीच्या अर्जावर आपला पक्ष लिहितो. ओहायोत तशी रकानाभरती नाही. पक्षांतर्गत उमेदवार निवडीच्या प्राथमिक निवडणुकीत तुम्ही कुठल्या पक्षाची मतपत्रिका मागितली, त्यावरून तुमचा पक्ष ठरतो. म्हणजे ओहायोतला ‘रिपब्लिकन’ हा मुळात प्राथमिक निवडणुकीलाही केंद्रावर जाणारा, पक्षाशी घट्ट बांधलेला माणूस. फ्लोरिडातल्या रकान्यात कित्येक वर्षांपूर्वी भरलेली खूणही असेल. दोन राज्यांत ‘रिपब्लिकन’ या शब्दाने दोन वेगळी माणसं मोजली जातात, आणि पक्षनिहाय दरी मुख्यतः ओहायोत दिसली. हा योगायोग मानावा का? घट्ट निष्ठा आणि लशीबद्दलचा अविश्वास एकत्र नांदतात असा याचा अर्थ लावता येतो, किंवा दोन राज्यांच्या रचनेत, हवामानात, लसमोहिमेत काही वेगळं होतं असाही. अभ्यास यातलं एक निवडत नाही, आणि लेखकांनी स्वतःच्या मर्यादा निबंधातच लिहून ठेवल्या आहेत.

गटानुसार मृत्यू मोजण्याचा आणि त्याचा अर्थ लावताना अडखळण्याचा अनुभव आपल्याकडेही आहे. १९१८च्या इन्फ्लुएंझात मुंबईच्या आरोग्य खात्याच्या नोंदीत, तेव्हाच्या भाषेत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून लिहिलेल्यांचा मृत्युदर हजारी ६१.६ होता, युरोपीयांचा ८.३. जात हा विषाणूचा रस्ता नव्हता. दहा बाय दहाच्या खोलीत दाटलेली माणसं, अर्धपोटी शरीरं आणि शुश्रूषेला कुणी नसणं, हे त्या एका रकान्यात कोंबलं गेलं होतं. पण तो रकाना भरला होता म्हणून आज शंभर वर्षांनी ते दिसतं तरी. कोविडच्या बाबतीत भारतात अशी पक्षवार मोजणी शक्यच नाही, कारण आपल्या मतदारयादीत पक्ष नसतो. आपला वाद त्याच्याही आधीच्या पायरीवर अडला. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातले २०२० आणि २०२१मधले अतिरिक्त मृत्यू सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज दिला, त्या दोन वर्षांतल्या कोविड मृत्यूंची सरकारी नोंद ४.८ लाखांच्या आसपास होती, आणि केंद्र सरकारने संघटनेच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला.

अमेरिकेतला प्रश्न आज जिथे उभा आहे तिथे तो दाराशीच आहे, घरात गेलेला नाही. मतदारयादी आणि मृत्यूनोंद जुळली, तिसरी वही बाकी आहे: त्याच माणसाची लसनोंद, तारखेसकट. स्नो यांच्याकडे पाण्याचा नमुना होता, येलच्या संशोधकांकडे त्या जागी पूर्ण काउंटीची टक्केवारी होती.