दिसतो तेवढा सगळा बर्फ मारक नसतो

कर्करोगाची गाठ कापून काढण्याऐवजी ती शरीरातच गोठवून मारणं म्हणजे क्रायोअ‍ॅब्लेशन. मूत्रपिंडातल्या लहान गाठींसाठी हा उपचार आता चांगला रुळला आहे. त्याची ओळख करून देताना टाके नाहीत, मोठी जखम नाही, एक-दोन दिवसांत घरी, असं सांगितलं जातं आणि ते बहुतेकदा खरंही असतं. पण गाठ पूर्ण मेली की नाही, हे काही मिलिमीटरांवर ठरतं. उपचार निवडण्याआधी रुग्णाने हा हिशोब समजून घ्यायला हवा.

या उपचारासाठी वापरली जाणारी सुई, म्हणजे प्रोब, साधारण दीड ते अडीच मिलिमीटर जाड असते. रुग्णाला पालथं किंवा कुशीवर झोपवतात आणि सीटी स्कॅनमध्ये पाहत पाठीच्या बाजूने प्रोब गाठीत नेतात. गाठ मोठी असेल तर दोन, तीन किंवा अधिक प्रोब ठरावीक अंतरावर बसवावे लागतात. प्रोबच्या आत वातावरणाच्या दोनशेपट किंवा त्याहून जास्त दाबाने आर्गॉन वायू सोडतात. टोकाजवळच्या बारीक छिद्रातून निघताना तो एकदम प्रसरण पावतो आणि टोक उणे शंभर अंशांच्याही खूप खाली जातं. वायू शरीरात सुटत नाही, प्रोबमधूनच परत फिरतो. शेवटी प्रोब सोडवण्यासाठी अनेक यंत्रांत हेलियम वापरतात. खोलीच्या तापमानाला हेलियम प्रसरण पावताना थंड न होता उलट तापतो.

पेशी नुसत्या गारठ्याने मरत नाहीत. आधी पेशींबाहेरचं पाणी गोठतं. त्यामुळे उरलेल्या द्रवातले क्षार दाट होतात आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. प्रोबच्या अगदी जवळ गोठण्याचा वेग इतका असतो की पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होऊन आवरण फाटतं. वितळताना लहान स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात आणि आणखी नासधूस करतात. म्हणून सावकाश वितळू देणं हाही उपचाराचाच भाग आहे. त्यानंतर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि वाचलेल्या पेशींचा रक्तपुरवठा तुटतो. मूत्रपिंडासाठी नेहमीचा क्रम म्हणजे सुमारे १० मिनिटं गोठवणं, ८ मिनिटं आपोआप वितळू देणं आणि पुन्हा १० मिनिटं गोठवणं. दुसरी फेरी वगळू नये. आधीच जखमी झालेल्या ऊतीत थंडी जास्त वेगाने पसरते.

सीटीच्या पडद्यावर बर्फाचा गोळा गडद आणि स्पष्ट दिसतो, ही या पद्धतीची मोठी सोय. पण त्या गोळ्याच्या कडेला तापमान शून्याच्या आसपास असतं आणि तिथल्या पेशी जगू शकतात. खात्रीने मारण्यासाठी उणे २० ते उणे ४० अंश लागतात. ते काठापासून काही मिलिमीटर आत मिळतात. म्हणून बर्फ गाठीच्या कडेबाहेर सगळीकडून ५ ते १० मिलिमीटर गेलाच पाहिजे. इंग्लंडमधल्या ब्रायटनचे जेम्स आर्नॉट १८५०च्या सुमारास बर्फ आणि मिठाने स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या गाठी गार करत. त्याने वेदना आणि रक्तस्राव कमी होई, पण ते मिश्रण उणे २४च्या आसपासच थांबत असे, तेही वरवर.

गाठीला लागून मोठी रक्तवाहिनी असेल तर वाहतं गरम रक्त ती बाजू गोठू देत नाही. पेशी उरतात त्या बहुधा तिथेच. आतडं चिकटून असेल तर मध्ये सलाइन सोडून त्याला दूर सारतात, नाहीतर आतड्याला भोक पडू शकतं. थंडीने रक्तवाहिन्या भाजून बंद होत नाहीत, त्यामुळे उष्णतेच्या उपचारापेक्षा रक्तस्रावाचा धोका जास्त. बर्फ सुटण्याआधी प्रोब ओढला तर मूत्रपिंडाला तडा जातो. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत निकाल उत्तम मिळतात. ४च्या पुढे गुंतागुंत आणि गाठ पुन्हा येणं, दोन्ही वाढतं.

स्तनाच्या कर्करोगात निकष अधिक कडक आहेत. अमेरिकेतल्या आइस३ अभ्यासात ६० वर्षांवरच्या, कमी जोखमीची आणि दीड सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या १९४ स्त्रियांची गाठ न कापता गोठवली. पाच वर्षांत त्याच स्तनात कर्करोग परतण्याचं प्रमाण सुमारे ४.३ टक्के निघालं. थंडीने नसा बधिर होत असल्याने हे काम जागेवर भूल देऊन होतं. बर्फ त्वचेजवळ आला की मध्ये सलाइन टोचून त्वचा वाचवतात. तरुण वयातल्या किंवा आक्रमक गाठींना हे आकडे लावणं चूक आहे.

एक गोष्ट शस्त्रक्रियेत मिळते, इथे नाही. कापलेली गाठ प्रयोगशाळेत जाते आणि कडा स्वच्छ आहेत का ते कळतं. गोठवलेली गाठ आतच राहते आणि शरीर ती हळूहळू शोषतं. म्हणून बायॉप्सी आधीच करून घ्यावी. नंतर ठरलेल्या वेळी रंगद्रव्य देऊन सीटी किंवा एमआरआय करावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षं. मेलेल्या भागात रंगद्रव्य पोचत नाही. काठावर एखादा ठिपका उजळला, तर तिथे जिवंत पेशी असल्याचा संशय घेऊन पुढचा तपास करतात. तो भाग पुन्हा गोठवता येतो, मात्र तो लवकर सापडायला हवा.